लोकर भरलेल्या कापडी बाहुलीची स्वच्छता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात हाताने कापडी बाहुल्या शिवते. या बाहुल्यांच्या पोटात कापूस किंवा पॉलिस्टर नसून पिंजलेली मेंढीची लोकर घट्ट दाबून भरलेली असते; अंगाला सुती होजिअरीचे कापड, केसांना लोकरीचा धागा आणि डोळ्या-ओठांना भरतकामाचे टाके असतात. बाहुली घरी गेल्यानंतर काही आठवड्यांतच पहिला फोन येतो आणि तो बहुतेक वेळा डागाविषयीच असतो. त्या फोनवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरे येथे जरा सविस्तर लिहिली आहेत. दुसऱ्या कोणी शिवलेल्या किंवा घरीच केलेल्या लोकरीच्या बाहुलीलाही ती लागू पडतील, मात्र आत खरोखर लोकरच आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

आत लोकर आहे की दुसरे काही, हे कसे ओळखावे?

पाठीवरच्या किंवा कुशीतल्या शिवणीचे दोन टाके उसवून चिमूटभर भरण बाहेर काढावे आणि ते चिमट्यात धरून, मुलांपासून दूर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाळून पाहावे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ज्योत दूर केली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेला काळा गोळा बोटांत सहज चुरतो. कापूस कागदासारखा भरभर जळतो आणि त्याची हलकी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. जुन्या घरगुती बाहुल्यांत चिंध्या किंवा लाकडाचा भुसा असण्याची शक्यता असते. भुशाच्या बाहुलीला पाण्याचा थेंबही लावू नये. तिच्यासाठी कोरडा ब्रश पुरेसा आहे.

बाहुली किती दिवसांनी धुवावी?

प्रश्नातला ‘धुवावी’ हा शब्दच मला अडचणीचा वाटतो. लोकर भरलेली बाहुली धुवायची नसते, तिचे अंग पुसायचे असते. रोज खेळातल्या बाहुलीला आठवड्यातून एकदा गच्चीवर नेऊन झटकावे आणि मऊ ब्रशने तिची धूळ काढावी. सगळे अंग ओल्या फडक्याने पुसण्याची वेळ वर्षातून एकदा, फार तर दोनदा येते. लोकरीच्या तंतूचे बाहेरचे आवरण पाणी सहज आत घेत नाही आणि तिच्यावरची धूळ कोरडेपणीच बरीचशी सुटते. घोंगडी वापरणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण घोंगडी उन्हात टाकून झटकली जाते, चादरीप्रमाणे दर आठवड्याला साबणात भिजवली जात नाही. बाहुलीचे कपडे मात्र हवे तितक्या वेळा धुवावेत. बाहुली मळलेली दिसते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तिचा झगाच मळलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

वॉशिंग मशीनच्या ‘वूलन’ सेटिंगवर ती धुता येईल का?

नाही. ती सोय स्वेटरसाठी असते, आणि स्वेटरला पोट नसते.

साध्या पाण्यात भिजवल्याने लोकरीचे असे काय बिघडते?

भिंगाखाली पाहिल्यास लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात आणि त्या सर्वांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहीत घातली की हात हलवताच ती एकाच दिशेने वर सरकत जाते आणि मागे काही येत नाही, हा खेळ खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने खेळलेला असतो. लोकरीचे तंतूही नेमके असेच वागतात. पाण्याने, विशेषतः गरम आणि साबणाच्या पाण्याने, हे खवले उभे राहतात. त्यावर चोळणे किंवा पिळणे झाले की तंतू एकमेकांत एकाच दिशेने सरकत घुसतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकर आटून तिचा नमदा होतो तो असा. नमद्याची, म्हणजे अशा आटून घट्ट झालेल्या लोकरीची, बैठक किंवा टोपी करायची असेल तर हाच गुण कामाचा असतो. बाहुलीच्या पोटात तोच घडला की फुललेल्या भरणाचे दगडासारखे गोळे होतात, कातडीचे कापड सैल पडून त्याला सुरकुत्या येतात आणि मानेतला आधार गेल्याने डोके लटकू लागते. हे नुकसान दुरुस्त होत नाही. पोट उघडून नवी लोकर भरावी लागते.

यात उष्णता, ओल, घर्षण आणि साबणातला क्षार असे चार गुन्हेगार आहेत. पुसताना थोडी ओल टाळता येत नाही, पण बाकीचे तीन टाळता येतात आणि तेवढ्यानेही काम भागते. पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आत असावे, म्हणजे हाताला गरमही नाही आणि गारही नाही असे. साबणाचे पाणी कोमट आणि नंतरचे पाणी नळाचे थंडगार, असा फरक ठेवू नये, कारण तापमानाच्या अशा झटक्यानेही लोकर आटायला मदत होते.

पुसण्याची नेमकी पद्धत कोणती?

प्रथम बाहुलीचे वजन करून ते लिहून ठेवावे. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा पुरेसा आहे. या आकड्याचा उपयोग पुढे वाळवताना होतो. त्यानंतर कपडे काढून शिवणी तपासाव्यात. कोठे टाका सुटला असेल तर तो आधी घालून घ्यावा, कारण उसवलेल्या जागेतून पाणी थेट लोकरीत उतरते. मग मऊ ब्रशने सगळे अंग कोरडेच झाडून घ्यावे. हे काम बरेच जण वगळतात आणि मग धुळीचाच चिखल अंगभर पसरवत बसतात.

एका वाडग्यात पाव लिटर पाणी घेऊन त्यात थोडेसे सौम्य द्रावण (कोणते, ते पुढच्या उत्तरात आहे) मिसळावे आणि ते हाताने घुसळून वर फेस आणावा. फडके पाण्यात बुडवायचे नसून केवळ फेसात टेकवायचे असते, ही या कामातली खरी मेख आहे. पांढरे, सुती, रंग न जाणारे फडके घ्यावे; जुने पंचे यासाठी उत्तम. आधी टाचेसारख्या न दिसणाऱ्या जागी फडके टेकवून कापडाचा रंग सुटत नाही ना, हे पाहावे. नंतर एकेका भागावर, पहिल्यांदा एक हात, मग दुसरा, मग पाठ, अशा क्रमाने फडके हलक्या हाताने टिपत न्यावे. घासू नये, कारण होजिअरीच्या कापडावर घासल्याने बारीक गोळे उठतात. एका भागाचे काम झाले की साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने तो दोनतीनदा टिपावा आणि कोरड्या टॉवेलने दाबून ओल खेचून घ्यावी, मगच पुढच्या भागाकडे वळावे. कापड ओलसर लागले तर चालेल. बोटाने दाबल्यावर पाणी दिसले तर प्रमाण चुकले आहे असे समजून तेथेच थांबावे.

डाग एकाच ठिकाणी असला तरी त्या ठिकाणापुरतेच पुसले तर नंतर पाण्याची कडा उमटते. म्हणून डाग दंडावर असेल तर एका शिवणीपासून पुढच्या शिवणीपर्यंतचा सगळा दंड हलका ओलसर करावा.

साबण कोणता वापरावा?

माझे मत विचाराल तर रिठा. पाचसहा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत, सकाळी कुस्करून पाणी फडक्याने दोनदा गाळून घ्यावे आणि वापरताना त्यात तेवढेच साधे पाणी मिसळावे. रिठ्यातले सॅपोनिन फेस देते, मळ सोडवते आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी असते. लोकर हे केसांप्रमाणेच केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असल्याने तिला सौम्य आम्ल सोसते, क्षार सोसत नाही. रेशमी साड्या आणि लोकरीच्या शाली रिठ्याने धुण्याची रीत आपल्याकडे आली ती यामुळेच. दाट काढ्याची तपकिरी झाक पांढऱ्या कापडावर राहू शकते, म्हणून तो पातळ करण्याचा आळस करू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. मुलांना या कामात मदतीला घेतले असेल तर हे लक्षात ठेवावे.

रिठा नसेल तर लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे द्रव डिटर्जंट किंवा लहान बाळाचा शाम्पू चालतो, मात्र पाव लिटर पाण्याला चारपाच थेंबच. कपडे धुण्याची पावडर, साबणवडी, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा या चारही गोष्टी क्षारधर्मी असल्याने वर्ज्य आहेत. ज्या पावडरीच्या पुड्यावर डाग काढणारे एन्झाइम असल्याचा उल्लेख असतो, त्यांत बहुधा प्रथिने तोडणारे घटक असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा पांढरट थर कापडावर बसतो. अशा घरांनी पिण्याचे आरओचे पाणी वापरणे बरे.

हळदीचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला. आता काय करावे?

घाबरू नये. हळदीतले कुर्क्युमिन क्षाराशी गाठ पडली की लाल होते; कुंकू करताना हळदीला चुना लावतात तेव्हा हेच घडते. म्हणजे डाग वाढलेला नाही, आपण वापरलेला साबण क्षारधर्मी आहे एवढेच त्याने सांगितले आहे. एक वाटी पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा पांढरे व्हिनेगर घालून त्या पाण्याने डाग टिपला की तो पुन्हा पिवळा होतो. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने ते आम्लही काढून घ्यावे.

राहिलेला पिवळेपणा कोणत्याही साबणाने पूर्ण जाणार नाही, कारण हळद हा कापड रंगवण्यासाठीच शतकानुशतके वापरला गेलेला रंग आहे आणि तो सुतावर तसाच लोकरीवरही चढतो. त्याची एकच दुखरी नस आहे, ती म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशात कुर्क्युमिनचे विघटन होते. अडचण अशी की त्याच उन्हाने बाहुलीच्या कातडीचा आणि केसांचा रंगही विटतो व लोकर पिवळी पडते. यावर उपाय म्हणून एका जाड पांढऱ्या फडक्याला डागाच्या आकाराचे भोक पाडावे, बाहुली त्यात गुंडाळावी, डाग तेवढा उघडा ठेवावा आणि सकाळच्या उन्हात तासभर ठेवावे. असे चारपाच दिवस केले की डाग निघून जातो किंवा शोधावा लागेल इतका फिका होतो. नव्याने लग्न झालेल्या बाहुलीला खरीखुरी हळद लावल्याची उदाहरणे माझ्याकडे दरवर्षी येतात आणि त्या सर्व नवऱ्या अशाच भोकाच्या चादरीत उन्हात बसून पुन्हा सासरी गेल्या आहेत.

जोतिबाहून परत येताना बाहुलीवर गुलाल पडला, किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा पडला, तर?

कोरडी पूड कोरडीच काढायची, हा नियम आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर किंवा विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत गेलेले मूल बाहुलीसह रंगून येते आणि घरातली मोठी माणसे प्रेमाने पहिले काम करतात ते ओले फडके फिरवण्याचे. पाणी लागताच गुलालातला रंग विरघळतो आणि अंगावरची पूड कापडाच्या आत जाते. त्याऐवजी बाहुली उलटी धरून पाठीवर थोपटावी, मऊ ब्रशने वरून खाली झाडावे आणि घरात व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्याच्या तोंडावर पातळ मलमल बांधून पूड ओढून घ्यावी. केसांतला गुलाल बट वेगळी करून फुंकर मारत काढावा लागतो. एवढे करून दोन दिवस पुन्हा पुन्हा झटकल्यानंतरच, उरलेल्या छटेसाठी फेसाचे फडके हातात घ्यावे. भंडारा म्हणजे हळदच, त्यामुळे त्याच्या उरलेल्या डागाला वरच्या उत्तरातली उन्हाची रीत लागू पडते.

तांबड्या रश्शाचा किंवा मिसळीच्या कटाचा डाग कसा काढावा?

हा डाग तीन थरांचा असतो : तेल, मिरचीचा रंग आणि हळद. मिरचीचा तांबडा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तेल निघेपर्यंत पाणी लावून काही साधत नाही. आधी टिपकागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने तेल दाबून शोषून घ्यावे, चोळू नये. त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाड थराने पसरून रात्रभर राहू द्यावी आणि सकाळी झाडून टाकावी. गरज पडल्यास पुन्हा करावे. पिठाचा कण शिवणीत राहू देऊ नये, कारण त्याला मुंग्या आणि किडे येतात. नंतर रिठ्याचा फेस, आणि शेवटी भोकाच्या चादरीतले ऊन, कारण मिरचीचा रंगही उन्हात फिका पडतो. पांढऱ्या रश्शाचा डाग दिसत नाही म्हणून तो तसाच सोडण्याची चूक करू नये. त्यातले नारळाचे दूध आणि स्निग्धांश चारपाच दिवसांत खवट वास धरतात आणि तो वास लोकरीत मुरला की काढणे अवघड असते.

बॉलपेनची शाई निघेल का?

बहुतेक वेळा फिकी होते, पूर्ण निघत नाही. कापसाच्या काडीला अल्कोहोलयुक्त हँड सॅनिटायझर लावून रेघेच्या कडेकडून आत अशी टिपावी आणि दरवेळी काडी बदलावी. चेहऱ्यावरची शाई असेल तर एखादा तीळ किंवा गोंदण भरतकामाने काढून घ्यावे, असे मी सुचवते. मुले ते आनंदाने स्वीकारतात.

चेहरा कसा पुसावा?

चेहऱ्यावर पाणी सर्वात कमी. डोळ्यांच्या टाक्यांचा दोरा, विशेषतः लाल आणि काळा, रंग सोडतो की नाही हे ओल्या कापसाच्या काडीने टाक्याला स्पर्श करून पाहावे. गालांवरची लाली मेणाच्या खडूने दिलेली असल्यास ती दरवेळी थोडी कमी होतेच. पूर्ण वाळल्यावर खडू फडक्यावर घासून त्या फडक्याने पुन्हा लावता येते. नाकाच्या शेंड्यावरचा काळेपणा हा मुलाने घेतलेल्या मुक्यांचा असतो आणि तो सर्वच पुसायला हवा असे मला वाटत नाही.

लोकरीच्या केसांचे काय करावे?

केस फणीने विंचरू नयेत. बोटांनी टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत यावे आणि लोकरीच्या धाग्याचे केस असतील तर बट बटीपासून वेगळी करावी. केस चिकट झाले असतील तर डोक्याला टॉवेल गुंडाळून, केवळ बटा फेसाच्या बोटांनी वरून खाली ओढाव्यात व साध्या पाण्याच्या फडक्याने तशाच ओढून घ्याव्यात. केसांना खोबरेल तेल लावणारी मुले आहेत, आणि त्यांचा तर्क बरोबरच असतो. त्यासाठी रश्शाच्या उत्तरातली पावडर वापरावी.

याच संदर्भात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न म्हणजे उवांचा. उवा माणसाच्या डोक्यापासून दूर एकदोन दिवसांपेक्षा अधिक जगत नाहीत आणि बाहुलीच्या केसांत त्यांना खायला काही नसते. मुलाच्या डोक्यावर उपचार चालू असताना बाहुली पिशवीत बांधून आठवडाभर कपाटावर ठेवली की काम झाले. शाम्पू किंवा औषध तिला लावू नये.

बाहुली चुकून पूर्ण भिजली. कशी वाळवावी?

या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बाहुल्या पाण्याने जितक्या बिघडतात त्याहून अधिक चुकीच्या वाळवण्याने बिघडतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. त्यामुळे वरून हात लावून बाहुली वाळली असा निर्वाळा देणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. मी शिवलेली पहिली बाहुली मी ऐन जुलैत बादलीत बुचकळून, पिळून, मानेला चिमटा लावून दोरीवर टांगली होती. दोन दिवसांत ती वरून कोरडी लागली. पाचव्या दिवशी तिला कुबट वास येऊ लागला. पोट उघडले तेव्हा आतली लोकर ओलीचिंब आणि गोळे झालेली होती, आणि टांगल्यामुळे मान बोटभर लांबली होती. त्या बाहुलीत वाचले ते केवळ केस.

भिजलेली बाहुली पिळू नये. जाड टॉवेलात आडवी गुंडाळून तळहाताने दाबावी, टॉवेल बदलावा आणि टॉवेल ओला होणे थांबेपर्यंत हे करीत राहावे. नंतर हाताने मूळ आकार देऊन ती चाळणीवर, सुपावर किंवा वेताच्या टोपलीवर आडवी ठेवावी, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंख्याचा वारा लावावा, दर तीनचार तासांनी कुशी बदलावी आणि उन्हाची केवळ ऊब मिळेल अशा सावलीत ठेवावे. हेअर ड्रायर, इस्त्री, ओव्हन किंवा शेगडीजवळची जागा टाळावी. येथे सुरुवातीला लिहून ठेवलेले वजन उपयोगी पडते : ओल्या बाहुलीचे वजन रोज करावे आणि ते मूळ आकड्यावर येऊन सलग दोन दिवस तेथेच राहिले की बाहुली वाळली असे म्हणावे. पावसाळी हवेत ते मूळ वजनाच्या किंचित वरच थांबेल. लोकर हवेतली ओल धरते, त्यामुळे तेवढा फरक मानून घ्यावा.

वाळताना ओल्या मेंढीसारखा वास येणे नैसर्गिक आहे आणि तो कोरडे होताच जातो. आंबूस, कुबट वास वेगळा असतो. तो बुरशीचा असून त्यावर अत्तर शिंपडणे हा उपाय नव्हे.

पावसाळ्यात स्वच्छता करावी का?

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात सगळे अंग पुसण्याचे काम काढूच नये. रंकाळ्याच्या बाजूच्या जुन्या घरांत आषाढात टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तेथे घट्ट भरलेल्या लोकरीची काय कथा. गगनबावड्याकडे तर याहूनही कठीण. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे दोन आठवडे सर्वात चांगले, आणि दुसरी वेळ होळीच्या सुमाराची. पावसाळ्यात डाग पडलाच तर तेवढाच भाग अगदी कमी ओलीने टिपावा आणि बाहुली रात्रभर पंख्याखाली ठेवावी.

पुराच्या पाण्यात भिजलेली बाहुली वाचवता येते का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरली जाते आणि २०१९ व २०२१ च्या पुरात पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते, त्यामुळे हा प्रश्न येथे काल्पनिक नाही. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते. ते लोकरीत शिरल्यावर मुलाच्या तोंडाजवळ जाणारी वस्तू म्हणून ती बाहुली पुन्हा वापरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सगळे टाकून देण्याची गरज नसते. पाठ उसवून भरण फेकून द्यावे. अंगाचे सुती कापड आणि कपडे गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. त्याच कातडीत, किंवा कापड कमजोर झाले असल्यास तिचाच बेत वापरून केलेल्या नव्या कातडीत, नवी लोकर भरावी. लोकरीचे केस गरम पाण्यात टिकत नाहीत, तेही नवे लावावेत. भरतकाम केलेला चेहऱ्याचा तुकडा राखला की मूल बाहुलीला ओळखते.

बाळाची लघवी किंवा उलटी लागली तर?

वेळ न घालवता कोरड्या फडक्याने शोषून घ्यावे, साध्या पाण्याने टिपावे, मग एक वाटी पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून टिपावे आणि पुन्हा साध्या पाण्याने. व्हिनेगरचा वास वाळल्यावर राहत नाही. ओल आत खोल गेली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण वाळवणे आले.

ड्राय क्लीनिंगला द्यावी का?

देऊ नये. त्यात वापरली जाणारी पर्क्लोरोएथिलीनसारखी द्रावणे जाड भरणातून पूर्ण उडून जायला वेळ लागतो आणि बाहुली तर मुलाच्या तोंडात असते.

कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या ठेवाव्यात का?

बाहुलीसोबत कधीही ठेवू नयेत. त्या नॅफ्थॅलिनच्या असतात. लहान मूल त्या गोळीला खाऊ समजू शकते आणि जी६पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या मुलांत नॅफ्थॅलिनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. लोकर खाते ती पतंगाची अळी, पतंग नव्हे. घाम, लाळ आणि खरकटे लागलेली, अंधारात पडून राहिलेली लोकर तिला अधिक आवडते. म्हणून रोज खेळातल्या बाहुलीला सहसा कसर लागत नाही, माळ्यावर ठेवलेल्या बाहुलीला लागते. कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवण्याला माझी हरकत नाही, पण अळी आत गेल्यावर पाल्याने ती मरत नाही.

बारीक भोके, जाळी किंवा वाळूसारखी विष्ठा दिसली तर बाहुली कोरडी असल्याची खात्री करून, प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा काढून घट्ट बांधावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. वीज बराच वेळ गेली असेल तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, एक दिवस तशीच राहू द्यावी; नाहीतर थंड बाहुलीवर हवेतली ओल जमते. नंतर ब्रशने झाडून भोके रफू करावीत. मूल फार लहान असेल तर बाहुली थंडीच्या गावी गेली आहे असे सांगावे लागते. पत्रही पाठवावे लागते, असे एका आईने मला कळवले आहे.

भरण बदलायचे असल्यास आपल्याकडची स्थानिक लोकर चालेल का?

चालते, पण एका अटीवर. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. सणगरांच्या मागावर तिची घोंगडी उत्तम होते, परंतु पातळ होजिअरीतून तिचे केस बाहेर डोकावतात आणि बाळाला टोचतात. तिच्यावर मांजरपाटाचे अस्तर शिवून मग कातडी चढवावी. कातरलेली कच्ची लोकर असेल तर ती भरण्याआधी कोमट रिठ्याच्या पाण्यात न चोळता बुडवून, दोनतीन पाणी बदलून, पूर्ण वाळवून आणि हाताने विंचरून घ्यावी. बाहुली आयुष्यात एकदाच धुतली जाते म्हणतात ती ही वेळ, तिच्या जन्माआधीची. जुनी लोकर नुसती दबली असेल, आटली नसेल, तर ती टाकू नये. बोटांनी सोडवून, दिवसभर सावलीत वारा देऊन तीच पुन्हा भरावी आणि कमी पडेल तेवढीच नवी घालावी.

मूल मोठे झाल्यावर बाहुली कशी ठेवावी?

पुसून, वजन जुळेपर्यंत वाळवून, धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल गुंडाळून, पाठीवर आडवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, लाकडाला थेट टेकवून नाही, वर कशाचाही भार नाही. दर दसऱ्याला बाहेर काढून झटकावी आणि अर्धा दिवस वाऱ्यावर ठेवावी. त्याच कापडात तिचे मूळ वजन लिहिलेली चिठ्ठी ठेवली, तर पुढे जिच्या हातात ती जाईल तिला मला फोन करावा लागणार नाही.